वलकडियन आणि ग्राह

तमिळ किनाऱ्यावर चोचवाल्या समुद्रसापाला ‘वलकडियन’ म्हणतात. ‘वलै’ म्हणजे जाळे, ‘कडि’ म्हणजे चावणे. तेव्हा मूळ अर्थ ‘जाळे चावणारा’ असा असावा. नाव ठेवणारा कोळीच दिसतो. हा साप खाडीच्या तोंडाशी, गढूळ उथळ पाण्यात शिंगाळ्याच्या मागावर असतो, म्हणून माशांबरोबर जाळ्यात येतो. सिंधुदुर्गात ट्रॉलरवाल्यांनाही तो ओळखीचा आहे.

शास्त्रीय नाव ‘हायड्रोफिस शिस्टोसस’, दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०३ साली दिलेले. यातला ‘ओफिस’ म्हणजे साप, आपल्या ‘अहि’चा भाऊबंद. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी, संस्कृत ‘उदन्’च्या कुळातले. त्याच कुळात ग्रीकांचा ‘हायड्रॉस’ झाला पाणसाप, आणि आपला ‘उद्र’ झाला पाणमांजर. मराठीत तो ‘ऊद’ होऊन राहिला. शब्द एकच, पण वाटणीत त्यांच्याकडे साप गेला नि आपल्याकडे पाणमांजर!

‘शिस्टोसस’ने मला अधिक घोळवले. ग्रीक ‘स्खिस्तोस’ म्हणजे चिरलेला. संस्कृत ‘छिद्’ धातूशी त्याचे नाते उघड आहे. या सापाच्या खालच्या ओठाच्या मधोमध एक अरुंद, लांबट खवला खोल खाचेत दडलेला असतो. त्यामुळे जबडा भलताच फाकतो आणि काटेरी शिंगाळाही गिळता येतो. नाव या चिरेवरूनच पडले, असे म्हणायचा मोह होतो. पण थराथरांनी सुटणाऱ्या पाटीच्या दगडालाही हाच शब्द, आणि वाढलेल्या सापाची पाठ तशीच करडी. दोदँच्या डोळ्यांपुढे रंगच असावा.

याहून जुने एक नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात सापडते. सिंधूच्या मुखाकडे येताना पाण्यात साप दिसू लागले की किनारा जवळ आला समजावे, असे तिथे सांगितले आहे. इराणकडच्या अशा सापांना ‘ग्राआई’ म्हटले आहे. ‘दर्या’ आपण फारसीकडून घेतला, तसे हेही नाव तिकडचे असेल असे वाटू शकते. पण फारसीत साप म्हणजे ‘मार’. तेव्हा ‘ग्राआई’ फारसी वाटत नाही. गजेंद्राचा पाय धरणारा ‘ग्राह’ आठवा. ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे. पाण्यातल्या घातक प्राण्याचा हा शब्द खलाशांच्या तोंडून ग्रीक कानांवर पडला असावा.

त्याच ग्रंथात कच्छच्या आखाताकडचे साप मोठे नि काळे, तर बरिगाझाजवळचे, म्हणजे भडोचकडचे, लहान आणि हिरवट-सोनेरी सांगितले आहेत. भडोचकडचे हे वर्णन करड्या वलकडियनाला लागू पडत नाही. आकाराने नाही, तरी रंगाने काळ्या कड्यांचा पिवळा ‘हायड्रोफिस स्पायरॅलिस’ त्याला अधिक जवळचा दिसतो.