आखूड रंगसूत्राची कथा

रक्त म्हटले की तांबडा रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु १८४५ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो आणि एडिंबरोमध्ये जॉन ह्यूज बेनेट या दोन वैद्यांना मृत रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा विलक्षण भरणा आढळला. दोन वर्षांनी फिर्खोने या व्याधीस ‘ल्युकेमिया’, म्हणजे ‘पांढरे रक्त’, असे नाव दिले. नाव मिळाले; कारण मात्र अज्ञातच राहिले.

कारणाचा धागा हाती लागण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रोगाच्या एका दीर्घकालीन प्रकारात, रुग्णांच्या पेशींत एक रंगसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. त्या शहराचेच नाव त्याला मिळाले. पण हा आखूडपणा रोगाचे मूळ, की रोगाने केलेली नासधूस? पुष्कळांचा कल दुसऱ्या तर्काकडे होता.

शिकागोच्या जॅनेट राउली रंगसूत्रांची छायाचित्रे कात्रीने कापून घरी जेवणाच्या मेजावर जुळवीत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत. १९७३ साली त्यांनी दाखवून दिले, की बाविसाव्या रंगसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. तो नवव्याला जाऊन चिकटला आहे. पुढे कळले, की ही देवघेव दुहेरी असते. नवव्यावरील ‘एबीएल’ जनुक बाविसाव्यावरील ‘बीसीआर’ जनुकाला जोडले जाते. वाढीचा हुकूम देणाऱ्या ‘एबीएल’च्या विकरावर एरवी अंकुश असतो, या सांध्यामुळे तो सुटतो. अस्थिमज्जेतील एकाच मूळपेशीत हा अपघात घडतो आणि तिची संतती मज्जा व्यापते. १९९० साली हे जोडजनुक मज्जेत घातलेल्या उंदरांनाही तसाच रोग जडला, आणि मूळ कोणते याविषयी शंका उरली नाही.

मूळ कळले म्हणून उपायही सापडला. त्या बेबंद विकराला रोखणाऱ्या ‘इमॅटिनिब’ औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तकर्करोगाचे इतर अनेक प्रकार एवढे सरळ नाहीत. तेथे एकामागून एक अनेक बिघाड साचावे लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हा दोष आईबापांकडून येत नाही. तो जन्मानंतर शरीरातील एका पेशीत घडतो. तेव्हा रुग्णाच्या कुळाला किंवा पूर्वसंचिताला बोल लावणाऱ्यांनी त्या आखूड रंगसूत्राची साक्ष अवश्य ऐकावी.