यंत्र ‘आप्त’ असतं का? : काही ब्रिटिश मालिकांच्या निमित्ताने

 मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना दोन-तीन तरुण मित्रांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, “सर, बोलताना तुम्ही सारखे ब्रिटिश मालिकांचे दाखले देता. नेमकं काय बघायचं ते एकदा सांगून टाका.” घरी जाऊन यादी करायला बसलो. पान भरलं, आणि भरलेलं पान वाचून आमचा आम्हालाच कंटाळा आला. नुसती यादी कुठेही मिळते. म्हणून आज फक्त पाच मालिका सांगणार आहोत, आणि त्या पाचही एकाच प्रश्नाच्या दोऱ्यात ओवलेल्या आहेत. यंत्र एक सांगतं आणि माणूस दुसरं सांगतो, तेव्हा विश्वास कुणावर ठेवायचा?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात नाही, रांगेत सापडला. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे इथल्या निम्म्या श्रोत्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यासाठी एका कार्यालयात गेलो. अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. हात धुऊन ठेवला, पुसून ठेवला, दुसरं बोट ठेवलं. जुळत नाही. खिडकीपलीकडचा मुलगा सज्जन होता, पण तो आमच्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, “सोमवारी या.” आमच्या मागे एक कोळीण मावशी उभ्या होत्या. जन्मभर कोलंबी सोलून बोटांच्या रेषा झिजलेल्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, तुमचा उमटला नाय, मग माझा कुठं उमटायचा?”

देकार्तचा धडा आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. सगळ्यावर शंका घेता येईल, पण शंका घेणाऱ्याला स्वतःच्या असण्यावर घेता येणार नाही, हा तो धडा. त्या दिवशी यंत्रानं ती सहज घेतली.

आपल्याकडच्या न्यायदर्शनानं या प्रश्नाचा विचार फार बारकाईनं केलेला आहे. ज्ञान मिळवण्याची चार साधनं नैयायिक मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे साक्ष, दुसऱ्यानं सांगितलेलं. पण कुणी सांगितलेलं? आप्तानं. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो ठाऊक आहे तसाच सांगू इच्छितो, तो आप्त. वात्स्यायनानं तर स्पष्ट केलं आहे की, ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, लक्षण सगळ्यांना सारखंच. तेव्हा इंग्रजांच्या मालिकांतून काही शिकायला शास्त्राची हरकत नाही, असं आम्ही समजतो! पण या व्याख्येत यंत्र कुठं बसतं? यंत्राला ना काही ठाऊक असतं, ना काही सांगायची इच्छा असते. त्याच्यामागे माणसं असतात. ते बनवणारी, चालवणारी आणि त्याचं म्हणणं पुढे रेटणारी. त्यांना प्रश्न विचारता आला, तरच यंत्राच्या आकड्याला साक्षीची किंमत येते.

हे आपल्या अलिबागनं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. मुंबईच्या कुलाब्याला, आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात नव्हे, तर मुंबईतल्या कुलाब्याला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहामुळे सुया हलणार आणि नोंदी बिघडणार, हे उघड होतं. तेव्हा नानाभाई मूस वेधशाळेचे प्रमुख होते. १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. सुईवर परिणाम होऊ नये म्हणून इमारतीत लोखंड टाळलं गेलं. मग १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि त्यानंतरच चुंबकीय नोंदींचं काम पूर्णपणे इकडे आलं. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. म्हणजे बिघाड होण्याआधीच यंत्राची उलटतपासणी झाली होती. किनाऱ्यावर फिरायला जाताना त्या वास्तूकडे जरा या नजरेनं बघा. यंत्रावर विश्वास ठेवण्याचा हा खरा मार्ग आहे. आम्ही यंत्राच्या विरुद्ध बोलत नाही, तपासणीच्या बाजूनं बोलतो आहोत.

आता मालिकांकडे येऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. समुद्रापलीकडच्या मनोऱ्यावरून येणारं चित्र पकडायला आपल्याकडच्या छपरांवर अँटेना चढल्या आणि सगळ्यांची तोंडं मुंबईकडे वळली. त्यामुळे त्याआधीच्या ब्रिटिश मालिका आपण पाहिलेल्या असणं शक्य नव्हतं. पण त्यांतल्या एकीचं मराठीशी नातं आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

पहिली मालिका ‘ए फॉर अँड्रोमेडा’. बीबीसी, १९६१, सात भाग. लेखक दोन, जॉन एलियट आणि फ्रेड हॉईल. होय, तेच खगोलशास्त्रज्ञ हॉईल. त्या वर्षी केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली संशोधन करणारा एक विद्यार्थी होता, जयंत नारळीकर. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावानं ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तिला बक्षीस मिळालं, आणि मराठी विज्ञानकथेला नवं बळ आलं. वैज्ञानिकानं गोष्टी लिहिण्यात कमीपणा नाही, हे त्यांनी गुरूच्या घरीच पाहिलं होतं. मालिकेची गोष्ट अशी. दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओ संदेश येतो. त्यात एक प्रचंड संगणक बांधण्याच्या सूचना असतात. माणसं तो बांधतात. तो चालतो, उत्तरं देतो, सरकारला हवंहवंसं सगळं देऊ लागतो. त्यामुळे त्याचा स्वतःचा हेतू काय, हे विचारणारा एकटा शास्त्रज्ञ सगळ्यांना आडमुठा वाटू लागतो. खेदाची गोष्ट म्हणजे त्या काळी बीबीसी जुन्या चित्रफिती पुसून पुन्हा वापरत असे. या मालिकेचा आज एकच भाग संपूर्ण शिल्लक आहे. पण तिच्यावरून लिहिलेली कादंबरी आहे, आणि २००६ साली बीबीसीनं ती गोष्ट पुन्हा चित्रित केली. ती पाहा.

दुसरी, ‘डॉक्टर हू’. काळातून प्रवास करणारा एक प्रवासी, आणि त्याचं यान म्हणजे रस्त्यावरची पोलिसांची निळी खोकी. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला गेला. त्याचे दिग्दर्शक वारिस हुसैन. लखनौला जन्म, बालपण बरंचसं मुंबईत, आई प्रसिद्ध लेखिका अतिया हुसैन. इंग्रजांची ही सर्वांत लाडकी मालिका अशी आपल्या माणसाच्या हातून सुरू झाली. शेकडो भाग आहेत, सगळे बघायला गेलात तर आमच्या वयाचे व्हाल. आम्ही एकच कथा सुचवतो, १९७३ ची ‘द ग्रीन डेथ’. वेल्समधलं कोळशाच्या खाणीचं गाव. खाण बंद पडलेली, म्हणून रासायनिक कारखान्याचं स्वागत झालेलं. मग खाणीत माणसं मरू लागतात. कारखान्याचा खरा मालक शेवटी एक संगणक निघतो, ज्याला कार्यक्षमतेपलीकडे काही दिसत नाही. त्यातल्या प्रचंड अळ्या पाहून आज हसू येईल. येऊ द्या. पण रोजगार की पाणी, या पेचात सापडलेलं गाव पाहून रायगडचा माणूस फार वेळ हसणार नाही.

तिसरी, ‘येस मिनिस्टर’. १९८० ला सुरू झाली, पुढे ‘येस प्राइम मिनिस्टर’ झाली. दूरदर्शनवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. २००१ साली फारूख शेख यांना घेऊन हिंदीत ‘जी मंत्रीजी’ आली, तीही आठवत असेल. यात यंत्र कुठे आहे, असं विचाराल. इथे माणसंच यंत्र झालेली आहेत. मंत्री जिम हॅकर काहीतरी बरं करायला निघतो आणि सचिव सर हम्फ्री ते सहसा घडू देत नाही, तेही अत्यंत नम्रपणे. आपली चूक झाली हे कबूल करणं संस्थेला इतकं अवघड का जातं, याचा यापेक्षा चांगला पाठ आम्ही पाहिलेला नाही. हसत हसत बघा, पण विसरू नका. पाचव्या मालिकेत हाच पाठ रडवतो.

चौथी, ‘ब्लॅक मिरर’. २०११ पासूनची, प्रत्येक भाग स्वतंत्र. सगळे भाग घरात सगळ्यांसोबत बघण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगतो. ‘द एंटायर हिस्टरी ऑफ यू’ हा भाग मात्र मोठ्यांनी चुकवू नये. माणसाच्या कानामागे एक कण बसवलेला, त्यात आयुष्याचा प्रत्येक क्षण नोंदला जातो. नवराबायकोत संशय आला की नोंद लावायची आणि बघायची. यात यंत्र खोटं बोलत नाही. नोंद खरीच आहे. तरी संसार मोडतो, कारण एकमेकांच्या शब्दाला किंमतच उरत नाही. आमच्या प्रश्नाची ही दुसरी बाजू आहे, म्हणून ती यादीत ठेवली.

आता पाचवी. ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. आयटीव्ही, जानेवारी २०२४, चार भाग. ही विज्ञानकथा नाही, घडलेली गोष्ट आहे.

कोकणी माणसाला पोस्ट म्हणजे काय, हे सांगायला नको. गिरणीतून आलेली मनीऑर्डर पोस्टातूनच घरी पोचायची, आणि पोस्टमास्तर हा गावातला विश्वासाचा माणूस असायचा. ब्रिटनमधल्या खेड्यातही तसंच. तिथे किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात पोस्टाची खिडकी असते आणि ती चालवणारा सब-पोस्टमास्तर. १९९९ पासून त्यांच्याकडे ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली आली. आणि हिशेबात तूट दिसू लागली. आज हजार पौंड, उद्या चार हजार. मदतीसाठी फोन केला की सांगितलं जाई, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. करारानुसार तूट भरायची पोस्टमास्तरनं. लोकांनी साठवलेले पैसे भरले, घरं गहाण टाकली. तरी खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्यांत आपल्या उपखंडातून गेलेली माणसं पुष्कळ होती. सीमा मिश्रा या बाईंना २०१० साली तुरुंगात पाठवलं, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता.

त्यांतल्या बहुतेकांनी चोरी केलेली नव्हती. प्रणालीत दोष होते.

हे न्यायालयात का टिकलं? कारण इंग्लंडच्या कायद्यात १९९९ साली एक बदल झाला. त्याआधी संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे दाखवावं लागे. ती अट निघाली आणि संगणक नीटच चालत असणार, असं गृहीत धरलं जाऊ लागलं. तो बिघडला होता हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर आली, आणि त्याच्या हाती तर प्रणालीची आतली कागदपत्रं नव्हती. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं, तर परीक्षा न घेताच यंत्राला आप्त ठरवलं. आणि जन्मभर गावाचा पैसा सांभाळणारा, ज्याला गाव आप्त मानत होतं, तो खोटा ठरला.

वेल्समधल्या लँडडुडनो गावचे ॲलन बेट्स यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी एकेकाला शोधून काढलं, काही चिकाटीच्या पत्रकारांनी साथ दिली, ५५५ जणांनी मिळून दावा लावला. २०१९ साली न्यायाधीशांनी प्रणालीत दोष असल्याचं नमूद केलं. एवढं होऊनही सामान्य जनता फारशी हलली नव्हती. मग मालिका आली. ४ जानेवारीला शेवटचा भाग झाला, १० जानेवारीला पंतप्रधानांनी संसदेत कायद्याची घोषणा केली, आणि मे महिन्यात शेकडो शिक्षा एका कायद्यानं रद्द झाल्या.

इथे एक खबरदारीचा शब्द. मालिका म्हणजे पुरावा नव्हे. हे काम वीस वर्षांच्या लढ्यानं केलं, चार भागांनी नाही. मालिकेनं एवढंच केलं की, आकड्यामागचा माणूस दिवाणखान्यात आणून बसवला. त्याच्याकडे बघितल्यावर लोकांना पडद्यावरच्या तुटीवर विश्वास ठेवणं अशक्य झालं.

क्रम विचाराल तर पाचवीपासून सुरुवात करा आणि उलटे जा. इंग्रजी उच्चार अवघड वाटले तर खालची अक्षरं लावून बघा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि एका रात्रीत संपवू नका. एक भाग बघा, मग घरात त्यावर बोला.

आता त्या रांगेचं. सोमवारी आम्ही पुन्हा गेलो. मावशीही आल्या होत्या. या वेळी आम्ही त्या मुलाला विचारलं, “अंगठा जुळला नाही तर दुसरी पद्धत काय आहे?” त्यानं वरिष्ठांना विचारलं. कागदाचा फॉर्म होता, कपाटात होता. कुणी मागितलाच नव्हता. आम्ही दोघांनी भरला. तो देताना त्या मुलानं पहिल्यांदा मान वर करून मावशींच्या तोंडाकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि सही केली. प्रत्यक्ष प्रमाण, दुसरं काय.