हळव्या वेलीची कुळकथा

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. एका द्राक्षवेलीचे कूळ शोधण्यात मात्र अभ्यासकांची तीस-पस्तीस वर्षे गेली, आणि त्या शोधाने तीन देशांचा इतिहास एका सूत्रात ओवला. ही वेल म्हणजे दक्षिण इटलीतील पुलिया प्रांताची प्रिमितिवो. तिच्यापासून होणारे गडद तांबडे, जड मद्य आज जगभर नावाजले जाते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते पिणाऱ्या बहुतेकांस त्याचे नावही ठाऊक नव्हते. ज्यांच्या आचारात मद्याला स्थान नाही, त्या वाचकांसही ही कथा परकी वाटू नये. कारण ती मुख्यत्वे नावाची आणि कुळाची कथा आहे.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच ती पुलिया. ह्या प्रांतातील जोया देल कोल्ले नावाच्या गावी अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रांचेस्को फिलिप्पो इंदेल्लिकाती नावाचे एक धर्मोपदेशक राहत. त्यांना वेलींची मोठी आवड होती. अनेक जातींच्या वेली एकत्र लावलेल्या मळ्यांत एका जातीचे घड इतरांच्या आधी पिकतात, हे त्यांनी हेरले. तिच्या काड्या निवडून त्यांनी वेगळी लागवड केली आणि लवकर पिकणारी ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिला नाव दिले. तेव्हा प्रिमितिवो म्हणजे आदिम किंवा रानटी असे कोणी समजू नये. आपले शेतकरी भाताचे हळवे आणि गरवे असे दोन भेद करतात, त्या अर्थाने ही हळवी वेल होय. ऑगस्टच्या अखेरीसच तिची तोडणी सुरू होते आणि शरदातील पावसापूर्वी पीक घरात येते.

पुढे १८८१ च्या सुमारास आल्तामुरा येथील साबिनी घराण्यातील कन्या लग्न होऊन मांदुरिया गावी गेली, तेव्हा आंदणाबरोबर ह्या वेलीच्या काड्याही घेऊन गेली, अशी तेथील परंपरा सांगते. आयोनियन समुद्राजवळचा तो मुलूख उष्ण व कमी पावसाचा; चुनखडीच्या खडकावर तांबड्या मातीचा थर. तेथील जुन्या पद्धतीत वेलीला मांडव नसतो, तारेचा आधारही नसतो. ती छाटून लहानशा झुडपासारखी वाढवितात. घड जमिनीलगत राहतात आणि वेलीचीच पाने त्यांवर सावली धरतात. अशी वेल फळ थोडे देते, पण त्यात साखर भरपूर उतरते. म्हणूनच मद्यात अल्कोहोलचे प्रमाण सहज चौदा टक्क्यांवर जाते. बगलफुटीवर येणारे घड काही आठवड्यांनी पिकत असल्यामुळे एकाच हंगामात दुसरी तोडणीही करता येते.

हाच जोर ह्या मद्याच्या अनामिकतेस कारण झाला. १८६० नंतरच्या दशकांत मुळे शोषणाऱ्या फायलोक्सेरा ह्या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उजाड केले. तेथील व्यापाऱ्यांस आपल्या फिक्या मद्यास रंग व बळ देण्यासाठी गडद मद्य हवे होते. १८६५ साली बारीपर्यंत लोहमार्ग पोहोचला होताच. पुलियात मळ्यांमागून मळे उभे राहिले आणि पिंपांमागून पिंपे उत्तरेस जाऊ लागली. तेथे ती दुसऱ्याच्या मद्यात मिसळली जात आणि दुसऱ्याच्याच नावाने विकली जात. १८८८ मध्ये इटली व फ्रान्स यांच्यात जकातयुद्ध पेटले आणि ही बाजारपेठ एकाएकी बंद झाली. कर्ज काढून मळे वाढविलेले शेतकरी नागवले गेले. पुढे ती कीडही पुलियात येऊन पोहोचली आणि अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून मळे पुन्हा उभे करावे लागले. विसाव्या शतकातही हे मद्य बहुतांशी मिश्रणासाठीच जात असे.

स्वतःच्या नावाने बाटली भरण्याचा आग्रह वाढला तो सहकारी मद्यशाळांच्या आणि काही जिद्दी घराण्यांच्या बळावर. १९७४ मध्ये 'प्रिमितिवो दि मांदुरिया' ह्या नावास कायद्याचे संरक्षण मिळाले, तर २०११ मध्ये त्याच्या गोड प्रकारास इटलीतील सर्वोच्च श्रेणी लाभली. तथापि नाव मिळाले तेव्हा वारसा झिजू लागला होता. मळे उपटण्यासाठी युरोपीय अनुदाने मिळू लागली, आणि हाताने जोपासाव्या लागणाऱ्या कित्येक जुन्या झुडूपवेली नाहीशा झाल्या.

आता कुळाचा प्रश्न. १९६७ साली ऑस्टिन गोहीन हे अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञ पुलियात आले असता, ह्या वेली कॅलिफोर्नियातील झिनफांडेलसारख्या आहेत, असे त्यांना दिसले. झिनफांडेल १८२० नंतर व्हिएन्नाच्या राजसंग्रहातून अमेरिकेत गेली होती. कॅरोल मेरेडिथ यांनी १९९० नंतरच्या दशकात डीएनएच्या परीक्षणाने दोन्ही एकच असल्याचे सिद्ध केले. पण मूळ स्थान कोणते? २००१ मध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, स्प्लिट शहराजवळील एका मळ्यात, मोजक्याच उरलेल्या वेली सापडल्या, आणि त्या ह्याच कुळाच्या ठरल्या. तेथील जुने नाव त्रिबिद्राग. त्याचा उल्लेख पंधराव्या शतकातील कागदपत्रांत आढळतो. आणि नवल असे, की ह्या नावाचा अर्थही लवकर पिकणारी असाच असल्याचे अभ्यासक मानतात. इंदेल्लिकाती यांनी वेलीचा स्वभाव पाहून नाव दिले; समुद्रापलीकडच्या लोकांनी तेच लक्षण पाहून कित्येक शतके आधी तिचे बारसे केले होते.

नाशिकच्या परिसरातही आज झिनफांडेलची लागवड होते. तेथील मळ्यात उभे राहून पाहणाऱ्यास ती अमेरिकेची पाहुणी वाटेल. तिला हळवी म्हणून हाक मारावी. तिच्या माहेरचे नाव तेच आहे.