साठा उत्तरांची कहाणी

५ नोव्हेंबर २००३, बुधवार. लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे सहा, न्यूयॉर्कमध्ये नऊ, लंडनमध्ये दुपारचे दोन, टोकियोत रात्रीचे अकरा. सगळीकडे एकाच मुहूर्तावर 'द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स'चा पडदा उघडला. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसात होत होते. मी तो आठवडाभराने पाहिला, पुण्यातल्या एका एकपडदा थिएटरात. खेळ सुटल्यावर जिन्यात कुणी फारसं बोलत नव्हतं. एक पोरगा तेवढा मित्राला पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण मग दुसऱ्या भागात त्याने नुसता हात करून यंत्रं पाडली, ते कसं काय?"

तो प्रश्न जगभर विचारला जात होता. पहिल्या 'मॅट्रिक्स'ने १९९९ साली सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले होते, मे २००३ मध्ये आलेल्या 'रिलोडेड'ने जवळपास ७४ कोटी. सहा महिन्यांनी आलेला तिसरा भाग ४३ कोटींच्या अलीकडेच थांबला. म्हणजे दुसऱ्यासाठी तिकीट काढणाऱ्यांतले कितीतरी जण तिसऱ्याकडे फिरकलेच नाहीत, किंवा एकदा पाहून पुन्हा गेले नाहीत.

तिसरा भाग वाईटच होता, असं मला आजही वाटत नाही. लांबलेला होता. माणसांची शेवटची नगरी झायन, तिच्या गोदीतली लढाई चालूच राहते आणि नायक निओ व त्याची जोडीदार ट्रिनिटी बराच वेळ पडद्यावरून गायब असतात. पण नाराजीचं मूळ त्या लढाईत नाही. ते दुसऱ्या भागाच्या शेवटात आणि मधल्या सहा महिन्यांत आहे. 'रिलोडेड'मध्ये मॅट्रिक्सचा रचनाकार आर्किटेक्ट सांगतो, की निओ हा सहावा तारणहार आहे आणि झायन याआधी पाचदा बेचिराख झालेलं आहे. त्यानंतर निओ, मॅट्रिक्स या यंत्रांनी रचलेल्या आभासी जगाच्या बाहेर, खऱ्या जगात, हात उगारून यंत्रं थांबवतो आणि कोसळतो. तिथेच पाटी येते. प्रेक्षकांनी घरी जाऊन हिशेब मांडला: ज्याला आपण बाहेरचं जग म्हणतो तेही मॅट्रिक्सच असणार, सपनातलं सपन. मे ते नोव्हेंबर हा तिसरा सिनेमा लाखो डोक्यांत तयार होत राहिला. प्रत्यक्षातल्या तिसऱ्या भागात भविष्य सांगणारी ऑरेकल दोन वाक्यांत सांगून मोकळी होते, की तारणहाराची शक्ती या जगापुरती नाही, ती थेट उगमापर्यंत पोचते. बस्स. ती ऑरेकलही वेगळीच दिसत होती, कारण ग्लोरिया फॉस्टर २००१ मध्ये वारल्या आणि ती भूमिका मेरी अ‍ॅलिस यांच्याकडे आली. सिनेमाने हा बदल कथेत बसवून घेतला, पण ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा तो चेहराच बदलला होता.

विज्ञानकथेच्या नशिबी हा 'तीन'चा आकडा आला कुठून? साहित्यिक हट्टातून म्हणावं, तर तसंही नाही. तो बराचसा बांधणीवाल्यांकडून आला. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये कादंबरी तीन खंडांत निघे आणि साडेएकतीस शिलिंगांना विके. ती सहसा कुणी विकत घेत नसे. मुडीसारख्या वर्गणीच्या वाचनालयांना मात्र तीन खंड म्हणजे एकाच वेळी तीन वाचक. १८९४ मध्ये वाचनालयांनीच हात आखडता घेतला आणि ती पद्धत बसली. पुढे आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'च्या गोष्टी १९४२ ते १९५० दरम्यान 'अस्टाउंडिंग' मासिकात सुट्या सुट्या आल्या. नोम प्रेसने त्या १९५१, ५२ आणि ५३ मध्ये तीन पुस्तकांत बांधल्या, आणि झाली 'त्रयी'. टॉल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तर एकच सलग पुस्तक होतं. युद्धानंतरचा महाग कागद आणि बुडीत जाण्याची भीती यांमुळे प्रकाशकाने त्याचे तीन तुकडे केले. याला त्रयी म्हणू नका, असं टॉल्किन सांगत राहिला. १९६६ मध्ये सर्वकालीन उत्तम मालिकेचं ह्यूगो पारितोषिक ठरवायची वेळ आली, तेव्हा हे दोन बांधणीतले योगायोगच एकमेकांसमोर उभे होते. जिंकला असिमॉव्ह, आणि सर्वांत जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं.

पण टॉल्किनच्या प्रकाशकाने नकळत आणखी एक गोष्ट केली. 'द टू टॉवर्स' नोव्हेंबर १९५४ मध्ये आलं. त्याच्या शेवटी नायक फ्रोडो जिवंत आहे, पण शत्रूच्या ताब्यात, एका बुरुजात. पुढचा खंड यायला ऑक्टोबर १९५५ उजाडला, कारण लेखकाची परिशिष्टं संपत नव्हती. अकरा महिने वाचक फ्रोडोला त्या बुरुजात सोडून बसले होते. त्रयीचा दुसरा भाग वाचकाला असा टांगून ठेवू शकतो, हे तेव्हा कळलं.

सिनेमाने ते तीन वर्षांवर नेलं. 'स्टार वॉर्स'चा दुसरा भाग, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक', मे १९८० मध्ये आला. त्यात नायकाचा हात तुटतो, मित्र गोठवला जातो आणि खलनायक स्वतःला त्याचा बाप म्हणवतो. हे खरं की थाप, यावर शाळकरी पोरांनी तीन वर्षं काथ्याकूट केला. मे १९८३ मध्ये 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला. आधी त्याचं नाव 'रिव्हेंज' होतं, तशी पोस्टरंही छापून झाली होती. पण जेडाय सूड घेत नाही, असं जॉर्ज लुकासला वाटलं आणि नाव बदललं. तो गोठवलेला मित्र, हॅन सोलो, त्याला मारावं, असं त्याचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचं म्हणणं होतं. पहिल्या दोन भागांचा निर्माता गॅरी कर्ट्झ तोवर बाहेर पडला होता. आधी ठरलेला शेवट काळोखाकडे झुकणारा होता, असं तो पुढे मुलाखतींत सांगत असे. प्रत्यक्षात मिळाला पुन्हा एक डेथ स्टार, आणि त्याला पाडायच्या कामात मदत करणारी केसाळ अस्वलपिल्लं. खेळण्यांच्या दुकानाला ती फार आवडली असणार.

लुकासलाही त्या शेवटाला हात लावल्याशिवाय राहवलं नाही. १९९७ मध्ये पिल्लांचं शेवटचं गाणं काढून दुसरं संगीत आलं, ग्रहाग्रहांवरचे जल्लोष जोडले गेले. २००४ मध्ये अनाकिनच्या भुताचा चेहराच बदलला, म्हाताऱ्या सेबॅस्टियन शॉच्या जागी हेडन क्रिस्टेन्सन आला. पहिल्यांदा थिएटरात बसलेल्या माणसाने पाहिलेला शेवट असा हळूहळू बाजारातून उठला.

मग या नाराजीची म्हण झाली. केविन स्मिथच्या 'क्लर्क्स'मध्ये, १९९४ साली, दुकानातले दोन नोकर गल्ल्यावर बसून 'एम्पायर' चांगला की 'जेडाय' यावर वाद घालतात. 'एम्पायर'ची बाजू घेणाऱ्याचं म्हणणं असं, की तो पडत्या क्षणी संपतो आणि आयुष्यही तसंच संपतं. २०१६ च्या 'एक्स-मेन: अपोकॅलिप्स'मध्ये काळ आहे १९८३चा. 'जेडाय' पाहून बाहेर पडलेली पोरं बोलत असतात आणि जीन ग्रे म्हणते, की तिसरा भाग नेहमीच सगळ्यांत वाईट असतो. हा टोला २००६ सालच्या 'एक्स-मेन'च्या तिसऱ्या भागाला होता, असं मानतात. पण 'अपोकॅलिप्स' स्वतःही आपल्या मालिकेतला तिसराच होता, त्यामुळे टोला त्यालाच जास्त लागला.

'मॅट्रिक्स'ला मी अजून माफी देतो, त्याचं कारण त्याचा शेवट. तिथे कुणी जिंकत नाही. निओ यंत्रांच्या नगरीत जाऊन तह करतो: हाताबाहेर गेलेल्या स्मिथ या प्रोग्रामला मी आवरतो, तुम्ही झायन सोडा. पावसातल्या शेवटच्या झुंजीत संगीतकार डॉन डेव्हिसचा कोरस संस्कृतात गातो. बृहदारण्यकातला पवमान मंत्र, आपल्याकडे शाळेच्या प्रार्थनेत म्हणतात तोच. वाद्यांच्या गदारोळात पहिल्या खेपेला मला तो ओळखूच आला नाही. श्रेयनामावलीत तो पुन्हा आला, तेव्हा शेजारचे गृहस्थ उठता उठता पुन्हा खुर्चीत बसले. सती नावाची लहान मुलगी, खरं तर एक प्रोग्राम, शेवटचा सूर्योदय रंगवते. तिचं काही कामच नाही म्हणून तिला पुसून टाकलं जाणार असतं, आणि आईबाप तिला लपवून आणतात.

असा तहाचा शेवट नवा नाही. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये ईस्किलसची 'ओरेस्टिया' झाली. तिसऱ्या नाटकात सूडदेवता हरत नाहीत. न्यायसभेत मतं समसमान पडतात, आईला मारणारा ओरेस्टिस सुटतो आणि त्या देवतांना नगरीत मानाची जागा मिळते. पण तिथे प्रेक्षक तिन्ही नाटकं एका दिवसात पाहून घरी जात. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे त्यांना स्वतःचं नाटक रचायला वेळच नव्हता.

२०२१ च्या 'मॅट्रिक्स रिसरेक्शन्स'मध्ये निओ एका व्हिडिओ गेम कंपनीत काम करतो, आणि त्याने बनवलेल्या गेमचं नाव 'मॅट्रिक्स', तेही तीन भागांत. आता चौथा करा, असं मालक कंपनीने फर्मावलेलं असतं.

ईस्किलसची आणखी एक त्रयी होती, थीब्जच्या राजघराण्यावरची, इसवी सनापूर्वी ४६७ची. 'लाइअस' हे पहिलं नाटक हरवलं. 'इडिपस' हे दुसरंही हरवलं. 'सेव्हन अगेन्स्ट थीब्ज' हे तिसरं तेवढं उरलं आहे. शेवटाला इडिपसचे दोन्ही मुलगे एकमेकांच्या हातून मेलेले आहेत, आणि अचानक त्यांची बहीण अँटिगोनी पुढे येऊन भावाला पुरणारच म्हणते. हा तुकडा ईस्किलसचा नाही, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोफोक्लिसची 'अँटिगोनी' गाजल्यानंतर, मूळ प्रयोगाला अनेक वर्षं उलटून गेल्यावर, कुणीतरी तो मागाहून जोडून दिला असावा.