धारवाडचा वेढा आणि हलक्या दारूचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही शाळा दरवर्षी आपणां सर्वांस एकत्र आणते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून एक गोष्ट मी अनेकदा ऐकली आहे. कोणी काही ठासून सांगू लागला की गुरुजी शांतपणे विचारीत, ‘कशावरून?’ आज जे सांगणार आहे ते या एका शब्दापुढे माझी फजिती कशी झाली, याचेच कथन आहे.

मी मराठीचा अध्यापक. ऐतिहासिक गद्य शिकविताना वर्गात थोडी हशापिकली व्हावी म्हणून मी एक किस्सा वर्षानुवर्षे सांगत आलो. तो एडवर्ड मूर या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या, १७९४ साली लंडनला छापलेल्या ग्रंथातला. टिपूविरुद्धच्या युद्धात परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, त्या वेळी हा मूर कंपनीच्या पलटणीबरोबर तेथे होता. तो लिहितो, मराठ्यांच्या मोर्चावर तोफ एकदा ठासली की सारी मंडळी अर्धा तास गप्पा मारीत, धूम्रपान करीत बसतात. मग बत्ती देतात. भिंतीवर भरपूर धूळ उडाली की समाधान पावतात आणि पुन्हा गप्पांना बसतात. दुपारी एक ते तीन दोन्ही बाजूंची तोफ जणू संगनमताने जेवणासाठी बंद असते. वर्ग हसे. मीही हसे. आणि शेवटी, ‘अशा आळसाने राज्य गेले’, असा शेरा मारून पुढच्या उताऱ्याकडे वळे.

एके वर्षी मागच्या बाकावरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, ‘सर, त्यांच्याजवळ दारू किती होती?’

मला उत्तर देता आले नाही. मात्र त्या प्रश्नाने मला माझ्या आजोळी, खानापूरच्या जंगलपट्टीत नेऊन सोडले. तेथे भातपिकावर रानडुकरांची धाड पडे, म्हणून मामांपाशी परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका साली त्यांनी बाजारातल्या कोणा विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत दारू आणली. भाद्रपदातल्या रात्री डुकरे शेतात शिरली. मामांनी घोडा ओढला, टोपी फुटली, पण आत नुसतेच फुसफुसले. डुकरे क्षणभर थबकली आणि पुन्हा खाऊ लागली. सकाळी मामा म्हणाले, ‘निम्म्या किमतीची दारू दुप्पट घालावी लागते, आणि दुप्पट घालावी तर कधी नळी फाटेल याचा नेम नाही.’ मोठमोठ्या ग्रंथांत मला सापडले नाही ते या एका वाक्यात होते.

बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत सोरा सुमारे ७५, कोळसा १५, गंधक १० हे प्रमाण युरोपात स्थिर झाले होते. आपल्याकडेही ही तिन्ही द्रव्ये कोणास अपरिचित नव्हती. परंतु दारूचा कस प्रमाणापेक्षा सोऱ्याच्या शुद्धतेवर ठरतो. मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ आणि इतर क्षार मिसळलेले असतात, आणि हे क्षार हवेतली ओल शोषतात. तो पुन्हा पुन्हा उकळून, निववून, स्फटिक करून घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी सरपण जळते, दिवस जातात, माल घटतो. दारू स्वस्त करायची तर कारागीर पहिली काटछाट येथेच करतो, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दुसरी काटछाट दाण्यांची. दारू ओलसर असता दाबून, फोडून, चाळून तिचे दाणे केले तर ती एकसारखी पेटते. नुसती भुकटी ठेवली तर प्रवासात द्रव्ये वेगळी होतात आणि एका बाराने गोळा भिंतीवर, दुसऱ्याने खंदकात पडतो. शिवाय उत्तम सोरा बिहारचा, आणि प्लासीनंतर, १७५८पासून, तेथील सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या हाती गेलेला.

गोळ्यांचेही तसेच. मराठ्यांच्या तोफखान्यात निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या मापांच्या तोफा. पुष्कळदा गोळे ओतीव नसून ठोकून घडविलेले असत. असा गोळा नळीत नेमका बसत नाही. भोवतालच्या फटीतून जोर निसटतो आणि खडबडीत अंगाने तोफेचे पोट खरवडले जाते. गोळ्यात वाचलेला पैसा तोफेत खर्ची पडतो. पेशव्यांना हे कळत नव्हते असे नाही. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत आंबेगव्हाण येथे गोळ्यांचा कारखाना निघाला होता. उत्तरेत महादजी शिंद्यांनी आग्र्यास तोफा ओतविल्या, आणि १८०३मध्ये असईच्या रणावर शिंद्यांच्या तोफा हाती आल्या तेव्हा त्यांच्या घडणीची प्रशंसा खुद्द वेलस्लीला करावी लागली. जाणत्यांची उणीव नव्हती. उणीव होती ती पैसा वेळेवर सोडण्याची.

जपणुकीचे ज्ञान तर त्याहून जुने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीजवळ नसावा आणि हवालदाराने आठपंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावे, पुन्हा मोहोरबंद करावी, अशी आज्ञा आहे. सह्याद्रीच्या पावसात दारू सांभाळलेल्या माणसाचेच हे लेखन. विकत घेताना पाहायची ती किंमत पावसाळ्यानंतरची, हे त्याला ठाऊक होते.

आता धारवाडकडे. १७९०च्या पावसाळ्याच्या तोंडावर कॅप्टन लिटलच्या पलटणी संगमेश्वरास उतरून आंबा घाटाने वर आल्या आणि भाऊंना मिळाल्या. सप्टेंबरात वेढा पडला. आत टिपूचा सरदार बदरुज्जमानखान. तोफा जुन्या, आणि पुण्याहून येणारी दारू थोडीथोडी, कधी मुळीच नाही. डिसेंबरअखेर कर्नल फ्रेडरिक गोऱ्या पलटणीसह मुंबईहून आला. दारूच्या तुटवड्यापायी खिंडार पुरते पडलेले नव्हते, तरी अधीर होऊन त्याने ७ फेब्रुवारी १७९१ रोजी हल्ला चढविला. खंदक भरण्यासाठी टाकलेल्या फांद्यांच्या जुड्यांना आतल्यांनी आग लावली आणि हल्ला फसला. मार्चमध्ये फ्रेडरिक तेथेच वारला. कंपनीची शिस्त, कंपनीचे अधिकारी. पण दारूवाचून त्यांचेही काही चालले नाही, हे येथे मुद्दाम नोंदवितो.

आता त्या अर्ध्या तासाकडे पुन्हा पाहा. ज्याच्यापाशी दिवसाला मोजके बार आहेत तो तोफची दोन बारांच्या मधे काय करील? मूर त्या वेळी जेमतेम विशीतला होता. त्याने पाहिले ते खरे. धूरही खरा, गप्पाही खऱ्या. मराठे एकाच जागी मारा धरून ठेवीत नसत हा त्याचा आक्षेपही मी नाकारीत नाही. तुटवड्याची हकीगतही त्याच्या ग्रंथात आहेच. मी मात्र वर्गासाठी गमतीचे पान उचलले आणि अडचणीचे सोडले. तो दोष मूरचा नव्हे, माझा. त्या विद्यार्थ्याला पुढे पत्र लिहून मी तसे कळविले. त्याचे उत्तर आले नाही. किती तरी वर्गांना मात्र पत्रे लिहिता येण्यासारखी नाहीत.

सुमारे सात महिन्यांनी, एप्रिल १७९१च्या आरंभी, किल्ला तहाने हाती आला. किल्ला आणि आतला साठा आहे तसा द्यावा, असा करार झाल्याचे मराठ्यांचे म्हणणे. ग्रँट डफने ही तक्रार नोंदविली आहे. तिच्याप्रमाणे, तह ठरल्यावर बदरुज्जमानखानाने शिपायांना अंगाखाली लपतील तेवढी काडतुसे घ्यावयास सांगितले, आणि उरलेली काडतुसे व सुटी दारू तळ्यात ओतविली. मराठ्यांनी जाब विचारला, शब्दाने शब्द वाढला, खानाने तलवार उपसली, झटापटीत तो जखमी होऊन कैद झाला. इतके महिने जिच्यासाठी पुण्याच्या वाटेकडे डोळे लावले होते, ती दारू भाऊंच्या लोकांना अखेर दिसली ती किल्ल्यातल्या पाण्यात विरघळताना.