अनुक्रमणिका घरपोच

गेल्या वर्षी माझ्या प्रबंधाचे एक प्रकरण लिहून झाले आणि त्याच विषयावर आठ महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालेला एक लेख हाती आला. प्रकरण पुन्हा लिहावे लागले. लेख मिळवण्याआधी तो निघाला आहे हे कळावे लागते, आणि या कळण्यालाही एक इतिहास आहे. त्यासाठी हा थ्रेड.

१६६५ मध्ये पॅरिसला ‘जूर्नाल दे सावां’ आणि लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झाले, तेव्हा निघेल ते सारे वाचणे एका माणसाला शक्य होते. विसाव्या शतकात ते अशक्य झाले.

फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी १९५० च्या दशकात त्यावर साधा तोडगा काढला. नियतकालिकांच्या अनुक्रमणिकांची पाने लहान आकारात छापायची आणि दर आठवड्याला त्यांची पुस्तिका वर्गणीदारांना पाठवायची. तिचे नाव ‘करंट कंटेन्ट्स’. तीत लेखकांचे पत्तेही असत. ज्या ग्रंथालयाला मूळ अंक परवडत नसे, तेथील संशोधक तो पत्ता पाहून थेट लेखकाला कार्ड टाकी आणि लेखाची सुटी प्रत टपालाने मागवी. मला या साऱ्या इतिहासात हे कार्ड सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पुस्तिकेला अर्थात वर्गणी होती. मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने आरएसएस आणले (या आद्याक्षरांनी महाराष्ट्रात दुसरेच काही आठवते, त्याच्याशी संबंध नाही). ते घडवणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा होते. पुढे नियतकालिकांच्या प्रकाशकांनीही ते स्वीकारले. संकेतस्थळावर एक लहानशी फाइल असते. नवा अंक निघाला की तीत शीर्षक, लेखक आणि लिंक यांची भर पडते. आपले फीड रीडर ती फाइल अधूनमधून तपासते. प्रकाशकाला ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही. एडिंबरोच्या हेरिअट-वॉट विद्यापीठाच्या ‘जर्नलटॉक्स’ने अशी हजारो फीड एकत्र आणली.

१ जुलै २०१३ रोजी ‘गूगल रीडर’ बंद झाले आणि फीडच संपले असा अनेकांचा समज झाला. वास्तविक बंद पडली ती एक सेवा. बहुतेक मोठ्या प्रकाशकांच्या फाइली आजही चालू आहेत. तरीही नवे काय आले हे आपण समाजमाध्यमांना विचारू लागलो (मीही हे येथेच लिहितो आहे). मोडी कागदांवरील ज्या लेखाला जगात पन्नास वाचक असतील, तो येथे वर येत नाही. फीडमध्ये तो आपल्या पाळीने येतो.

सध्या माझ्याकडे अकरा नियतकालिकांची फीड आहेत. त्यांत मराठी एकही नाही. त्या अनुक्रमणिका मी ग्रंथालयात जाऊन वहीत उतरवून घेतो.