१८ नाही, फक्त १६! ऑलिम्पिकसाठी हॉकी संघ निवडताना एवढी डोकेफोड का होते?

क्रिकेटचा संघ जाहीर झाला की 'याला का घेतलं, त्याला का वगळलं' यावर चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे वाद रंगतात. हॉकीचा संघ जाहीर झाल्यावर एवढा गोंगाट होत नाही. पण निवडीचं गणित पाहिलं तर हॉकीतला पेच जास्त अवघड आहे, आणि तो सगळ्यात जास्त जाणवतो ऑलिम्पिकमध्ये.

वर्ल्ड कपसारख्या स्पर्धांमध्ये संघात १८ खेळाडू असतात. ऑलिम्पिकमध्ये मात्र १६. दोनच खेळाडू कमी, मग एवढं काय बिघडतं? पॅरिस ऑलिम्पिकमधल्या भारतीय पुरुष संघाचं उदाहरण घेतलं की उत्तर मिळतं.

१६ जणांची वाटणी कशी झाली?

पॅरिस २०२४ साठीचा संघ २६ जून २०२४ रोजी जाहीर झाला. हरमनप्रीत सिंग कर्णधार, हार्दिक सिंग उपकर्णधार आणि क्रेग फुल्टन प्रशिक्षक. संघात १ गोलकीपर, ५ बचावपटू, ५ मिडफिल्डर आणि ५ फॉरवर्ड होते. यातले ५ जण पहिल्यांदाच ऑलिम्पिक खेळणार होते, तर पी. आर. श्रीजेश आणि मनप्रीत सिंग यांचं हे चौथं ऑलिम्पिक होतं.

गोलकीपर कृष्ण बहादूर पाठक, मिडफिल्डर नीलकांत शर्मा आणि ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंग हे तिघे राखीव होते. म्हणजे मुख्य संघात दुसरा गोलकीपरच नव्हता. १८ च्या संघात सहसा दोन गोलकीपर असतात. १६ मध्ये दुसऱ्याला जागा दिली, तर मैदानात धावणारा एक माणूस कमी होतो. त्यामुळे सगळा भार श्रीजेशवर.

एक माणूस कमी-जास्त झाल्याने काय फरक पडतो?

हॉकीत खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू शकतात. फुटबॉलसारखं एकदा बाहेर गेला की संपलं, असं नाही. खेळ इतका वेगवान असतो की खेळाडू काही मिनिटं जीव तोडून धावतो, बाकावर येऊन दम घेतो आणि पुन्हा मैदानात उतरतो.

आता साधा हिशोब करू. सामना ६० मिनिटांचा. गोलकीपर सोडून मैदानात १० जण. म्हणजे एकूण ६०० मिनिटांचं काम. ते १५ जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४० मिनिटं येतात. १४ जणच उरले तर जवळपास ४३.

तीन मिनिटांनी काय होतं, असं वाटेल. पण पॅरिसमध्ये भारत २७ जुलै ते ८ ऑगस्ट या १३ दिवसांत ८ सामने खेळला. एवढ्या कमी वेळात थकवा साठत जातो, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीरही महागात पडतो.

म्हणूनच १६ च्या संघात 'एका कामाचा माणूस' परवडत नाही. बचावपटूला गरज पडली तर मधल्या फळीत खेळता आलं पाहिजे आणि मिडफिल्डरला मागे येऊन बचाव सांभाळता आला पाहिजे.

मग रोहिदासला रेड कार्ड मिळालं तेव्हा काय झालं?

४ ऑगस्टला ग्रेट ब्रिटनविरुद्ध क्वार्टर फायनल होती. १७ व्या मिनिटाला बचावपटू अमित रोहिदासला रेड कार्ड दाखवलं गेलं. हॉकीत ग्रीन कार्ड मिळालं तर खेळाडू २ मिनिटं बाहेर, येलो मिळालं तर किमान ५ मिनिटं. रेड कार्डला मात्र माफी नाही. तो खेळाडू पूर्ण सामन्यातून बाद आणि संघाला पुढचा सगळा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळावं लागतं.

भारत जवळपास ४३ मिनिटं १० जणांनिशी खेळला. इथे भूमिकांची अदलाबदल कामी आली. मूळचा मिडफिल्डर असलेला मनप्रीत मागे येऊन बचावात उभा राहिला. १० जण असतानाच हरमनप्रीतने गोल केला. सामना १-१ असा सुटला आणि शूटआऊटमध्ये भारत ४-२ ने जिंकला. शेवटचा निर्णायक गोल राजकुमार पालचा होता. पहिलं ऑलिम्पिक खेळणाऱ्या पाच जणांपैकी तो एक.

पण किंमत नंतर चुकवावी लागली. रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. हॉकी इंडियाचं अपील फेटाळलं गेलं आणि जर्मनीविरुद्धच्या सेमी फायनलला भारताकडे १५ च खेळाडू उरले.

रोहिदासची उणीव एवढी का जाणवली?

समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की गोलकीपर धरून फक्त पाच जणांना बचाव करता येतो. बाकीच्यांना मैदानाच्या मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. या पाचांमधला एक जण चेंडू सुटताच थेट ड्रॅगफ्लिकरच्या अंगावर धावून जातो. तोंडाला मास्क, गुडघ्याला गार्ड आणि समोरून सुसाट येणारा चेंडू. हे काम भारतासाठी रोहिदास करायचा.

सेमी फायनलमध्ये जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच झाला. रोहिदास असता तर तो अडला असता, असं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. भारत २-३ ने हरला. पण स्कोअरबोर्डवर कधीच न दिसणारी एक भूमिका किती मोठी असते, हे त्या दिवशी कळलं.

गोल हरमनप्रीतचेच, मग ५ फॉरवर्ड कशाला?

पॅरिसनंतर हा प्रश्न बऱ्याच जणांना पडू शकतो. आकडेही तसेच आहेत. भारताने ८ सामन्यांत १५ गोल केले, त्यातले १० एकट्या हरमनप्रीतचे: ७ पेनल्टी कॉर्नरवर, ३ पेनल्टी स्ट्रोकवर. आणि तो बचावपटू आहे! खुल्या खेळातून, म्हणजे फील्ड गोल, फक्त ३ आले. दोन अभिषेकचे आणि एक मिडफिल्डर विवेक सागर प्रसादचा.

पण पेनल्टी कॉर्नर आपोआप मिळत नाही. कुणीतरी चेंडू घेऊन समोरच्या सर्कलमध्ये घुसावं लागतं आणि बचावपटूला चूक करायला भाग पाडावं लागतं. हे काम बहुतेकदा फॉरवर्डच करतात. म्हणजे हरमनप्रीतच्या गोलमागे अनेकदा मनदीप, सुखजीत, ललित, गुरजंत किंवा अभिषेकची धाव असते.

तरीही चिंता खोटी नाही. फील्ड गोल आटले की संघ एकाच माणसाच्या मनगटावर विसंबून राहतो. तो बाकावर असेल किंवा जखमी झाला तर? २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये असंच काहीसं झालं. हार्दिक सिंग हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीने स्पर्धेबाहेर गेला. मधल्या फळीतून चेंडू पुढे नेणारा मुख्य दुवाच तुटला. न्यूझीलंडविरुद्ध क्रॉसओव्हर सामन्यात भारत शूटआऊटमध्ये हरला आणि क्वार्टर फायनलही गाठता आली नाही.

राखीव खेळाडू म्हणजे दुय्यम खेळाडू?

अजिबात नाही. टोकियो ऑलिम्पिकआधी सिमरनजीत सिंगचं नाव १६ जणांत नव्हतं. कोरोनामुळे नियम सैल झाला, संघ १८ चा झाला आणि प्रत्येक सामन्यासाठी त्यातून १६ निवडायची मुभा मिळाली. सिमरनजीत आत आला. ५ ऑगस्ट २०२१ रोजी जर्मनीविरुद्धच्या ब्राँझच्या सामन्यात त्याने २ गोल केले. भारत ५-४ ने जिंकला आणि ४१ वर्षांनी हॉकीत पदक आलं. नियम जुनाच राहिला असता, तर तो त्या मैदानावर उतरलाच नसता.

आता पुढचा पेच कोणता?

पॅरिसमध्ये स्पेनला २-१ ने हरवून पुन्हा ब्राँझ मिळाल्यावर श्रीजेश निवृत्त झाला. त्याची १६ नंबरची जर्सीही हॉकी इंडियाने निवृत्त केली. पॅरिसला राखीव असलेला पाठक आणि मुंबईकर सूरज करकेरा यांच्यावर गोलपोस्टची जबाबदारी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीरला झालेल्या एशिया कपमध्ये हे दोघेही संघात होते. भारताने फायनलमध्ये कोरियाला ४-१ ने हरवलं आणि २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट मिळवलं.

१८ च्या संघात दोघांनाही जागा मिळते. ऑलिम्पिकच्या १६ मध्ये मात्र एकाच गोलकीपरला घेतलं, तर दुसरा बाहेर बसणार. त्यामुळे पुढच्या वेळी हॉकीचा संघ जाहीर होईल तेव्हा आत कोण आलं एवढंच पाहू नका. जो बाहेर राहिला त्याचं काम आता कोण करणार, हेही तपासा. संघाची खरी ताकद आणि खरी भीती तिथेच सापडते.